किशोरीच्या गालावरचा अंगठा

तारकर्लीच्या हौसाबाईला जगातल्या प्रत्येक चांगल्या वस्तूची काळजी वाटायची. ती मोडेल-तुटेल याची नव्हे, तिला कोणाची तरी दृष्ट लागेल याची. घरात काही नवं आलं की ती उशाखालची काजळाची डबी काढायची, अंगठा त्यात बुडवायची आणि त्या वस्तूला तीट लावून मोकळी व्हायची. बाकीच्या बायका तीट बोटाने लावतात. पण हौसाबाईच्या बोटाचं पेर तरुणपणी आडोळीवर, म्हणजे विळीवर, सुरमई कापताना सुरमईबरोबरच गेलेलं, म्हणून तिच्यापुढे अंगठ्याशिवाय इलाज नव्हता. त्यामुळे तिने लावलेली तीट तलाठ्याच्या कागदावरच्या सहीसारखी दिसायची.

फ्रीज आला, फ्रीजला अंगठा. मुलगा सुदेश पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो, त्याच्या होडीला अंगठा. नात आकांक्षाच्या स्कूटरला अंगठा. गच्चीवरच्या पाण्याच्या काळ्या टाकीलासुद्धा तिने शिडी चढून अंगठा लावला. "आई, काळ्यार काळा दिसता तरी काय?" असं सुदेशने खालून विचारलं, तर वरून उत्तर आलं, "माणसाक नाय दिसाक. दिष्टीक दिसता."

या घरातल्या एकाच गोष्टीला कधी तीट लागली नाही. ती म्हणजे सून किशोरी.

सव्वीस वर्षांपूर्वी किशोरी माप ओलांडून आत आली तेव्हा शेजारची सावित्रीकाकी म्हणाली होती, "हौसा, सुनेक तीट लाव गो." हौसाबाईने नव्या सुनेला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं आणि म्हणाली, "दिष्ट लागाक आधी कायतरी बघण्यासारख्या आसाक व्हया."

सगळ्या बायका हसल्या. किशोरीही हसली. हसण्यावारी नेलेलं बोलणं माणूस विसरतो असा एक समज आहे. प्रत्यक्षात ते मनाच्या माळ्यावर जाऊन बसतं आणि घरात कोणी नसलं की खाली उतरतं.

एरवी दोघींचं वाईट होतं असं मुळीच नाही. दोघी एकमेकींच्या हातचं खात, एकमेकींना नावं ठेवत आणि तिसऱ्या कोणी नावं ठेवली तर त्याच्या अंगावर धावून जात. बिघडलं ते खोलीवरून. किशोरीने घरात पर्यटकांची सोय सुरू केली होती. अंगणात चूल मांडली, चुलीवरचं जेवण सुरू केलं, आणि तिच्या मोठ्या हसण्यामुळे व तिसऱ्या शिंपल्यांच्या तिखट कालवणामुळे लोक पुन्हा पुन्हा येऊ लागले. एक खोली पुरेना. दुसरी होती ती हौसाबाईची, आणि तिच्या खिडकीतून समुद्र दिसायचा. पाहुण्यांना समुद्र दिसावा लागतो. हौसाबाईने तो सत्तर वर्षं पाहिला होता. आणखी किती पाहणार, असा किशोरीचा साधा हिशेब.

घर हौसाबाईच्या नावावर, म्हणून परवानगीच्या कागदावर तिचा अंगठा हवा होता. किशोरीने दुपारी जेवणानंतरची वेळ साधली. म्हातारी पेंगत होती. किशोरीने शाईचा पॅड पुढे धरला.

"कसलो कागद गो?" हौसाबाईने विचारलं.

"लायटीचो," किशोरी म्हणाली.

बस, एवढंच. आयुष्यात तिने पापलेटच्या ताजेपणाबद्दल याहून मोठ्या थापा मारल्या होत्या. पण ही एक तिच्या घशाखाली गेली नाही. आठ दिवसांनी सुताराने दारावर 'रूम नं. २' अशी पाटी ठोकली आणि हौसाबाईची खाट मागच्या पडवीत आली. हौसाबाईला अक्षर येत नव्हतं, पण पाटी कळत होती. ती एवढंच म्हणाली, "अंगठो माझो, आणि खोली लोकांची." त्या दिवसापासून तिने किशोरीशी बोलणं टाकलं.

टाकलं म्हणजे थेट बोलणं टाकलं. मध्ये मांजरी होती. जेवताना हौसाबाई मांजरीला म्हणायची, "बाये, आमटीत मीठ कमी आसा म्हणान सांग." किशोरी मांजरीला म्हणायची, "वाडलेला गपचूप खावचा म्हणान सांग." मांजरी दोघींकडे बघायची आणि माशाच्या काट्यावर लक्ष केंद्रित करायची. नवरात्रापासून शिमग्यापर्यंत त्या घराचा कारभार मांजरीमार्फत चालला.

त्या दिवाळीत पुण्याचे एक पाहुणे नवी पांढरी गाडी घेऊन आले आणि सकाळी पाहतात तर गाडीच्या बॉनेटवर काळा अंगठा. ते जे खवळले! "ही काय पद्धत झाली? शोरूममधून आणून चार दिवस झालेत!" किशोरीने खोबरेल घेऊन तो डाग पुसला आणि दहा वेळा माफी मागितली. पडवीतून हौसाबाई मांजरीला म्हणाली, "पुसल्यान? आता बघ." फोंडाघाटात गाडी बंद पडल्याचा फोन आला तेव्हा पाहुणे मुळीच खवळलेले नव्हते. नुसते घाबरलेले होते.

फाल्गुनात हौसाबाई आजारी पडली. किशोरीने पाहुण्यांना नाही म्हणून कळवलं, तीन दिवस अंगणातल्या चुलीला काडी लावली नाही, आणि पडवीतच बसून राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती चमच्याने पेजेचं पाणी भरवत होती. सुदेश बंदरावर, आकांक्षा कणकवलीला कॉलेजात. हौसाबाईने डोळे उघडले. पांघरुणातून उजवा हात वर आला आणि अंगठा किशोरीच्या उजव्या गालावर, डोळ्याच्या थोडा खाली, येऊन आदळला.

ठोसा म्हणावा तर हातात जोर नव्हता. कुरवाळणं म्हणावं तर गाल दुखला. हौसाबाईचे ओठ हलले, पण त्यातून शब्द आला नाही. हात खाली पडला. चहाच्या वेळेपर्यंत सगळं संपलं होतं. मग सावित्रीकाकी धावत आली, गाव आलं, रडारड झाली, अंघोळी झाल्या. तो अंगठा रागाचा होता की मायेचा, हे विचारायला माणूस उरलं नव्हतं, आणि अंगठा लागला होता हे किशोरीने कोणाला सांगितलंही नाही.

आठ महिन्यांनी, कार्तिकात, तिच्या गालावर डाग उठला. नेमका तिथेच.

आधी मसुरीएवढा, मग वालाएवढा, मग अंगठ्याएवढा. तांबूस-तपकिरी, किंचित उचललेला, दुखत नाही, खाजत नाही. पण त्यावरची त्वचेची भोकं संत्र्याच्या सालीसारखी उघडी पडलेली. हातातला आरसा जवळ नेला की किशोरीला त्या भोकांच्या ओळी वळणावळणाने जाताना दिसायच्या, शाईच्या अंगठ्यात दिसतात तशा.

गावात डाग हा सार्वजनिक विषय असतो. कोणी म्हणालं कोळी चाटला, कोणी म्हणालं काजूचा चीक उडाला. नाक्यावरच्या मेडिकलवाल्याने एक क्रीम दिलं, त्याने गाल टोमॅटोसारखा लाल झाला आणि डाग तसाच राहिला. मुंबईच्या एका बाईने चुलीपाशी बसलेल्या किशोरीचा व्हिडिओ काढताना गोड आवाजात सांगितलं, "ताई, जरा डाव्या बाजूने बघा ना." तेव्हापासून किशोरी भाकरी थापायलाही डावीकडून बसू लागली.

"देवाक कौल लाव," सावित्रीकाकीने फर्मावलं.

कौल लावायला सगळे देवळात गेले. गुरवाने देवाच्या अंगावर डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आता पंचाईत अशी की कौलाचा प्रश्न चारचौघांत मोठ्याने विचारावा लागतो. किशोरीला विचारायचं होतं, 'माझी सासू माझ्यावर रागावून गेली काय?' पण शेजारी नवरा, मागे अर्धी वाडी. तोंडातून निघालं, "कणकवलीच्या डॉक्टराकडे जावचा काय, देवा?"

उजवी पाकळी टपकन पडली. इतकी पटकन, की गुरव म्हणाला, "देवाक पण घाई झाली आसा. ह्यो कौल सहा म्हयने आधी लावक होयो होतो."

कणकवलीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि शांत होत्या. त्यांनी भिंग लावून डाग पाहिला, भुलीची सुई देऊन मुगाएवढा तुकडा काढला आणि तपासायला पुण्याला पाठवला. "मी अजून पुणा बघूक नाय," किशोरी एसटीत सुदेशला म्हणाली, "आणि माझो गाल जावन येतलो." सुदेश हसला. त्याला बायको फार दिवसांनी विनोद करताना दिसली होती.

पंधरा दिवसांनी निदान आलं. 'ग्रॅन्युलोमा फेशियाले'. दुर्मीळ आहे, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. कुष्ठरोग नाही, कॅन्सर नाही, कोणाला लागत नाही. त्वचेत आत सूज धरून बसते, एवढंच. एक मलम लिहून दिलं. सकाळ-संध्याकाळ, फक्त डागावर, पातळ थर. ऊन टाळायचं. पहिले काही दिवस जळजळ होईल, घाबरून थांबायचं नाही. बरं व्हायला महिने लागतील.

किशोरी कचेरीत बोलतात तशा मराठीत म्हणाली, "एक विचारू? कोणी हात लावला, तर असं होतं?"

"नाही हो. स्पर्शाने नाही होत."

"मग कशाने होतं?"

डॉक्टरीणबाई प्रामाणिक होत्या. "खरं सांगायचं तर नक्की कारण अजून कोणालाच ठाऊक नाही."

'कोणालाच' या शब्दावर किशोरीचा हात आपोआप गालावर गेला. ती 'कोणालाच'मध्ये मोडत नव्हती.

मलमाची नळी फ्रीजच्या दारात कोकमाच्या आगळाच्या बाटलीशेजारी राहायला आली. थंड असलं की कमी जळजळतं, असं आकांक्षा म्हणाली. ती औषधशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि घरातल्या प्रत्येक गोळीवर तिचं मत होतं. किशोरी मलम घेऊन मागच्या पडवीत जायची, कारण हौसाबाईचा आरसा तिथेच खिळ्याला होता. खाटेवर आता आमसुलांच्या पिशव्या. पहिल्या दिवशी मलम लावलं आणि गाल असा चुरचुरला, की जणू कोणी मिरची पुसली. ते चुरचुरणं किशोरीला ओळखीचं वाटलं. सव्वीस वर्षं सासूच्या तोंडून ऐकलेलं होतं.

"इतक्या काय झोंबता गो तुका?" ती आरशाला म्हणाली. "खोलीच तर घेतलंय. समुद्र घेतलंय नाय."

गालाने उत्तर दिलं. आणखी झोंबला.

मग रोज, सकाळ-संध्याकाळ, पाच-पाच मिनिटं ही बैठक चालू झाली. सासू हयात असताना दोघींचं इतकं सलग बोलणं कधी झालं नव्हतं. किशोरी तिला पाहुण्यांच्या चहाड्या सांगायची, सुदेशच्या गुडघ्याबद्दल सांगायची, आणि शेवटी दर वेळी एकच, "लायटीचो कागद नव्हतो गो तो. माका ठावक होता, तुका नव्हता." आरशात तिचा चेहरा असायचा आणि त्यावर दुसऱ्या कोणाचा तरी अंगठा. पडवीत वारा नसताना खाटेची दोरी करकरायची. एके दुपारी किशोरी आमटी ढवळत असताना मांजरी आत आली, चुलाण्यापाशी उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांत बघून ओरडली. किशोरीने आमटी चाखली. मीठ कमी होतं. तिने मीठ घातलं आणि मांजरीला म्हणाली, "घातलंय म्हणान सांग."

आषाढात समुद्र बंद झाला, पाहुणे थांबले, आकांक्षा घरी आली. ती दर रविवारी आईच्या गालाचा फोटो काढायची. जळजळ केव्हाच थांबली होती. डाग कडेने विरत चालला होता, खाडीचं पाणी ओसरताना वाळू उघडी पडते तसा. पण मधला ठिपका, बरोबर अंगठ्याच्या टोकाएवढा, तीन रविवार हलला नाही. आकांक्षाने फ्रीज उघडला आणि नळी हातात तोलली.

"आई, ही नळी म्हयन्यात संपाक होयी. दोन म्हयने झाले, अर्धी तशीच."

"काटकसर करतंय."

"फोटोत कडा साफ आसत. मधेच लावणस नाय तू. मुद्दाम."

पडवीच्या कट्ट्यावर सावित्रीकाकी सुकी सुंगटं, म्हणजे कोलंबी, निवडत बसली होती. तिचे हात थांबले. म्हाताऱ्या माणसांना ऐकू कमी येतं, पण ते त्यांच्या सोयीने.

किशोरीने नाही नाही म्हटलं, मांजरीवर ओरडली, पावसाला शिव्या घातल्या. आणि मग खाटेच्या काठावर बसून तिने सगळं सांगितलं. कागद, शाई, पेजेचं पाणी, वर आलेला हात. "ती माझ्याशी सा म्हयने बोलाक नाय. शेवटी बोलली ती ह्या. रागान की मायेन, माका कळाक नाय. ह्यो डाग गेलो, तर विचारू कोणाक?"

आकांक्षाने नळी आमसुलांच्या पिशवीवर ठेवली.

"खंयच्या गालार?" सावित्रीकाकीने विचारलं.

"ह्याच. उजव्या."

"डोळ्याच्या खाली?"

"होय गो काकी. हंयच."

सावित्रीकाकीने सूप बाजूला ठेवलं. "किशोरी, मी इलंय तेव्हा तू दारात उभी रवान रडत होतंस. तुझ्या गालार हंय ह्येवडा काळा होता. माका वाटला चुलीची मस लागली. म्हटलंय, मयताक गाव येतलो, सुनेचा तोंड काळा बघतलो, उगाच बोलतलो. म्हणान तुका पोटाशी धरलंय आणि पदरान पुसून काढलंय."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. किशोरी अगदी हळू म्हणाली, "काकी, चूल पेटलली नव्हती. तीन दीस."

सावित्रीकाकीचा हात तोंडावर गेला. सुंगटांचा वास आला तरी तिने तो काढला नाही.

"मगे मी काय पुसलंय गो?"

काजळाची डबी अंथरुणाबरोबर त्याच दिवशी गेली होती. अचानक सावित्रीकाकी उठली, भर पावसात घरी गेली आणि एक गोधडी डोक्यावर घेऊन आली. त्या दिवशीचं लुगडं फाटल्यावर तिने याच गोधडीत शिवलं होतं. तिघी खाली बसून पदर शोधू लागल्या. गोधडीला शंभर ठिगळं आणि प्रत्येक ठिगळाला वीस डाग. हळदीचे, केळीच्या चिकाचे, नातवंडांचे. शेवटी हिरव्या काठाशी एक काळपट पुसट फराटा सापडला.

"ह्यो बघ!" सावित्रीकाकी ओरडली. "काजळ!"

"हे ग्रीससुद्धा असू शकतं," आकांक्षा म्हणाली.

"गप रव गो, शिकलली!"

किशोरीने तो फराटा नाकाला लावला. गोधडीचा वास आला, दुसरा कसलाच नाही. तिने त्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला. तिचा विश्वास बसला, असं छातीठोक सांगवत नाही. चूल थंड होती हे खरं. सहा महिने न बोललेली बाई जाता जाता तीट लावील, हे मात्र हौसाबाईला ओळखणाऱ्या कोणालाही जड जाणारं होतं. पण त्या संध्याकाळी किशोरी आरशासमोर गेली, "बघण्यासारख्या काय दिसला गो तुका माझ्यात, शेवटच्या दिवसाक?" असं म्हणाली, आणि मलम बरोबर मधोमध लावलं. रडण्याने ते ओघळलं, म्हणून पुन्हा लावलं.

सावित्रीकाकी महिनाभर येता-जाता स्वतःच्या पदराला दोष देत राहिली. किशोरीनेच शेवटी तिला दटावलं, "पुसलंस ता पुसलंस. पुसलेला दिष्टीक दिसता."

दसऱ्यापर्यंत गाल साफ झाला. निरखून पाहिलं तर फिकट सावली, तीही माहीत असणाऱ्यालाच दिसावी अशी. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "मात्र लक्ष ठेवा हं. हा कधीकधी परत येतो."

"येऊ दे," किशोरी म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि विषय वाढवला नाही.

घरी येऊन तिने 'रूम नं. २'ची पाटी काढली आणि 'हौसाबाईची खोली' अशी लावली. खोली भाड्याने देणं थांबवलं नाही; समुद्र दिसतो शेवटी. कोणी विचारलं हौसाबाई कोण, तर सांगायची, "घरमालकीण." पण बैठक मोडली होती. सकाळी सवयीने पडवीत जावं तर आरशात एकटाच चेहरा. खाटेची दोरीही वाजेना. किशोरीला कोणी तरी दुसऱ्यांदा अबोला धरल्यासारखं झालं.

दिवाळीत पुण्याचे ते पाहुणे आले. दोन वर्षांनी. जुनी विकून घेतलेली नवी गाडी, तीही पांढरी. हौसाबाईच्या खोलीत उतरले, तिसऱ्या खाल्ल्या, समुद्र बघितला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून हाक आली, "किशोरीताई! अहो, जरा इकडे या!"

ती भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन बाहेर गेली. बॉनेटवर, डाव्या कोपऱ्यात, काळा अंगठा होता.

तिने आधी स्वतःचा अंगठा पाहिला. पिठाने पांढरा. आकांक्षा कणकवलीला. सुदेश पहाटेच होडीवर गेलेला. कुंपणापलीकडून सावित्रीकाकीने दोन्ही हात हलवून नाही नाही केलं आणि देवाची शपथ घेतली. मांजरी गाडीच्या टपावर पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि घराच्या दाराकडे बघत होती, जिथे कोणी नव्हतं.

पाहुणे मात्र या वेळी रागावले नव्हते. त्यांनी चक्क हात जोडले. "पुसणार नाही हो मी. फोंडाघाट अजून लक्षात आहे. कालपासून दिसल्या नाहीत म्हणून मला वाटलं होतं, पण आजी आहेत म्हणायच्या अजून!"

किशोरीने घराच्या दाराकडे पाहिलं. मग, किती तरी महिन्यांनी, ती आपलं ते मोठं हसणं हसली.

"हो," ती म्हणाली, "आसत."

आणि आत जाताना, कोणी पुन्हा पुसू नये म्हणून, तिने उजवा गाल पदराने झाकून घेतला.